रोज तोच सोळाशे मारून टायमिंग का निघत नाही?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या ठिकाणचं ग्राउंड पहाटे पाचच्या आधीच जागं होतं. चुन्याने आखलेल्या ट्रॅकवर मोबाइलच्या उजेडात पोरं पळत असतात. बहुतेकांचा रोजचा कार्यक्रम एकच: दोन राउंड जॉगिंग, थोडे हातपाय हलवायचे, मग भरतीच्या चाचणीतला सोळाशे, म्हणजे १६०० मीटर, जीव खाऊन मारायचा आणि स्टॉपवॉच बघायचं. सुरुवातीला वेळ भराभर उतरते. सात मिनिटांवरून सव्वासहा, सव्वासहावरून पाच-पन्नास (५ मिनिटं ५० सेकंद). मग पाच-चाळीसच्या आसपास काटा अडकतो तो अडकतोच. पोरगं आणखी जोर लावतं, रविवारीही सुट्टी घेत नाही, आणि काही आठवड्यांत नडगी धरून बसतं.

या मुलांच्या मेहनतीत कसर नसते. पण ती सगळी मेहनत एकाच प्रकारची असते, आणि शरीराला त्या प्रकारातून जे घ्यायचं असतं ते त्यानं पहिल्या दोन महिन्यांतच घेऊन टाकलेलं असतं. धावण्यात बदल का हवा, कुठला हवा आणि किती हवा, हे नीट समजलं तर हा अडकलेला काटा हलू शकतो.

गुणांचा हिशोब आधी पाहू. गेल्या काही भरत्यांत शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची राहिली आहे. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवला तर पूर्ण २० गुण, ५:३० पर्यंत १८, ५:५० पर्यंत १६. म्हणजे पाच-चाळीसला अडकलेल्या मुलाचे चार गुण तिथेच जातात. एकेका गुणावर मेरिट हुकतं त्या परीक्षेत चार गुण फार मोठे आहेत.

सोळाशेला ताकद कुठून येते

पायाचे स्नायू दोन मार्गांनी ऊर्जा तयार करतात. एक मार्ग ऑक्सिजन वापरून, सावकाश पण दीर्घकाळ चालणारा. दुसरा ऑक्सिजनची वाट न पाहता, झटपट, पण थोड्याच वेळात पाय जड करणारा. सोळाशे म्हणजे दम कोंडून पळायची शर्यत, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात १५०० मीटर पळणाऱ्या तयार धावपटूंची मोजमापं घेतली तेव्हा सुमारे चार-पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गानंच आलेली दिसली. ८०० मीटरमध्येही हा वाटा साधारण दोन-तृतीयांश असतो. जो मुलगा फक्त दम कोंडायचा सराव करतो, तो या हिशोबातल्या लहान भागावरच सगळा घाम गाळत असतो.

ऑक्सिजनचा मार्ग रुंद होतो म्हणजे नेमकं काय होतं? हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंच्या धाग्यांभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. आणि स्नायूंच्या पेशींत जिथे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते, ती मायटोकॉन्ड्रिया वाढतात. या बदलांना जोरापेक्षा वेळ जास्त लागतो: आठवड्यात पुष्कळ मिनिटं, दमछाक न होता, महिनोन्‌महिने. आता रोज जीव खाऊन सोळाशे मारणाऱ्याचा हिशोब करा. साडेपाच मिनिटं, सहा दिवस: आठवड्यात जेमतेम अर्धा तास पळणं. एवढ्यावर हे जाळं वाढणार नाही. आणि त्या सोळाशेनं पाय असे भरून येतात की त्यानंतर आणखी तासभर पळायची इच्छाही उरत नाही.

दुसरी गोष्ट स्नायूंच्या धाग्यांची. प्रत्येक स्नायूत सावकाश पण न थकता काम करणारे धागे असतात आणि जोरदार पण लवकर दमणारे धागे असतात. शरीर आधी सावकाशवाल्यांना कामाला लावतं. वेग वाढला, चढ आला, किंवा पहिले दमले की मगच जोरदार धाग्यांना बोलावणं जातं. रोज एकाच वेगानं पळणाऱ्याच्या पायातले ठरावीक धागे ठरावीक वेळ काम करतात, आणि बाकीचे महिनाभर जवळजवळ रिकामे राहतात. वेग, अंतर, चढ-उतार बदलला की निरनिराळ्या धाग्यांवर काम पडतं. बदलाचा पहिला फायदा हा आहे.

सगळ्यात महाग पडणारा मधला वेग

रोज सोळाशे मारणाऱ्यांसारखीच दुसरी एक जात आहे: रोज सकाळी डांबरी रस्त्यानं पाच किलोमीटर, कालच्याच वेगानं. वेग असा की बोलायला दम पुरत नाही, पण पूर्ण जोरही नाही. घामाघूम झाल्यामुळे व्यायाम झाल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते ही सवय सोळाशेच्या सवयीपेक्षाही चिवट आहे, कारण यात काही चुकतंय असं वाटतच नाही. हा वेग दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहतील इतका हलका नसतो आणि जोरदार धाग्यांना खरं काम मिळेल इतका जोराचाही नसतो.

स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या संशोधकानं स्कीइंग, रोइंग आणि धावण्यातले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात सराव कसा करतात ते तपासलं. त्यांच्या सरावाचे साधारण ८० टक्के दिवस हलके निघाले आणि २० टक्के खरोखर कठीण. मधल्या वेगावर त्यांचा फारसा वेळ जात नव्हता.

म्हणून बदलाची सुरुवात वेग वाढवून करू नका. आधी वेग कमी करा. हलका रन म्हणजे किती हलका, याची कसोटी सोपी आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. घरी काय चाललंय, लेखीची तयारी कुठवर आली, हे बोलता बोलता वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. सोळाशे पाच-चाळीसला मारणाऱ्याचा हलका वेग किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटांचा, सुरुवातीला त्याहूनही सावकाश. ग्राउंडवर हे अवघड जातं, कारण शेजारून चार जण पुढे निघून जातात आणि पाय आपोआप उचलले जातात. मग ग्राउंड सोडा. कॅनॉलच्या कडेनं जा, गावाबाहेरच्या मातीच्या वाटेनं जा, घड्याळ खिशात ठेवा. चाळीस मिनिटं पळून परत आल्यावर आणखी दहा मिनिटं सहज पळता आलं असतं असं वाटलं, तर तो दिवस बरोबर गेला.

वेगवेगळे दिवस कुठून आले

हे सगळं शंभर वर्षांत धावपटूंनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी पळून पळून शोधलेलं आहे. १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्ता होल्मेर यांनी जंगलवाटांवर मनाला येईल तसं कधी जोरात, कधी सावकाश पळायची पद्धत बसवली. तिला फार्टलेक म्हणतात. त्याच देशाच्या गुंडर हेग यानं १९४५ मध्ये मैलाची शर्यत ४ मिनिटं १.४ सेकंदांत संपवली. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या सोळाशेपेक्षा नऊ मीटर जास्तच. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी ठरावीक अंतर जोरात, मग ठरावीक विश्रांती, पुन्हा जोरात, अशी इंटरव्हलची पद्धत काटेकोर केली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ मध्ये ८०० मीटरमध्ये १ मिनिट ४६.६ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि तो १९५५ पर्यंत टिकला.

या सगळ्यांत भरतीच्या मुलांनी लक्षात ठेवावं असं नाव न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचं आहे. त्यांनी ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवलं, ऑकलंडजवळच्या वैटाकेरे डोंगरांतल्या चढ-उतारांवरून. ८०० मीटरवाल्यानं इतकं लांब कशाला पळायचं, असं त्या काळी सगळ्यांना वाटायचं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलनं ८०० मीटरचं आणि त्यांच्याच दुसऱ्या शिष्यानं, मरे हॅलबर्गनं, ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. लिडियार्ड यांचा क्रमही शिकण्यासारखा आहे: आधी काही महिने भरपूर हलकं पळणं, मग चढ, मग ट्रॅकवरचा वेग, आणि शर्यतीजवळ ताजेपणा.

आपल्याकडचं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे. सैन्यात गेल्यावर तो क्रॉस कंट्री पळू लागला, म्हणजे माती, गवत, चढ-उतार. तिथून ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, आला. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं आणि २०२४ मध्ये डायमंड लीग या जागतिक स्पर्धामालिकेच्या पॅरिसच्या स्पर्धेत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ दिली. आठ मिनिटांच्या शर्यतीतला हा धावपटू २१ किलोमीटरही पळतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत होती, तिथून स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पळाली. लांब पळण्यानं वेग मरतो, ही ग्राउंडवर ऐकू येणारी भीती या दोघांकडे पाहून सोडून द्यायला हरकत नाही.

कुठल्या दिवसाचा उपयोग काय

फार्टलेकला ना ट्रॅक लागतो ना घड्याळ. गावाच्या रस्त्यानं निघा आणि विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जोरात पळा, पुढचे दोन खांब सावकाश, पुन्हा एक जोरात. वीस मिनिटं. रोज एकाच वेगाची सवय झालेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

इंटरव्हल ट्रॅकवर. पाच-चाळीसवाल्याची ४०० मीटरची एक राउंड ८५ सेकंदांची पडते, आणि ५:१० साठी ती साडेसत्त्याहत्तर सेकंदांची हवी. उद्यापासून प्रत्येक राउंड ७७ मध्ये मारायला गेलात तर तिसऱ्याला मोडाल. ४०० मीटर ८२ ते ८४ सेकंदांत, मग दोन मिनिटं चालत-जॉग करत दम परत घ्यायचा, असं सहा वेळा. सहावी राउंड पहिलीइतकीच यायला हवी; ती पाच सेकंदांनी घसरली तर पहिली फार जोरात मारली असं समजा. दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा सेकंद कमी करत जायचं. पूर्ण सोळाशे एका दमात मारताना शरीर शर्यतीच्या वेगात एकदाच साडेपाच मिनिटं राहतं, तेही शेवटी पाय वेडेवाकडे पडत. तुकडे करून मारले तर त्याहून जास्त अंतर, त्याहून चांगल्या वेगानं आणि नीट पावलांनी होतं.

टेम्पो म्हणजे वीस मिनिटं अशा वेगानं पळणं की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण वेग शेवटपर्यंत तुटू नये. इथे शरीर पायात साचणारं लॅक्टेट साचू न देता वापरून टाकायला शिकतं. एसआरपीएफला, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत, ५ किलोमीटर पळावं लागतं, त्या मुलांसाठी हा दिवस सोन्यासारखा आहे.

चढाबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण महाराष्ट्रात चढाची कमतरता नाही आणि तरी पोरं सपाट ग्राउंड सोडत नाहीत. टेकडीचा, घाटाचा किंवा धरणाच्या भिंतीकडे जाणारा, शंभर-दीडशे मीटर लांबीचा आणि फार खडा नसलेला चढ शोधा. वर जाताना छाती पुढे, नजर दहा-पंधरा मीटरवर, हात मागे जोरात. गुडघा उचलावाच लागतो, पाऊल टाचेवर आपटत नाही, आणि मांडीचा मागचा भाग व कुल्ले कामाला लागतात. सपाटीवर कितीही ओरडून सांगितलं तरी न सुधारणारी पळण्याची ढब चढावर आपोआप सुधारते. जमिनीचा दणका कमी बसतो, तरी स्नायूंना वेगानं पळण्याइतकं काम मिळतं. वीस सेकंद जोरात चढायचं, चालत उतरायचं, सहा ते आठ वेळा. पोटरी आणि टाचेवरची शीर यावर ताण येतो, म्हणून पहिल्या आठवड्यात चारच. उतारावर मात्र जोरात पळू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, आणि दोन दिवस जिना उतरणं कठीण होतं.

१०० मीटरचे १५ गुणही विसरू नका. आठवड्यात दोनदा, हलक्या रननंतर, ८० मीटरचे चार-पाच वाढत्या वेगाचे तुकडे, मध्ये पूर्ण विश्रांती. पाय भरून न येता वेग जागा राहतो.

नडगी का धरते

जाहिरात निघाल्यावर एकदम रोज पळायला सुरुवात केलेल्यांची नडगी बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुखायला लागते. यामागे कारण आहे. पळताना मिनिटाला साधारण १७० पावलं पडतात. पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळलात तर सव्वाचार हजार पावलं झाली, म्हणजे एका पायावर दोन हजारांवर, आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट दणका. वेग तोच, रस्ता तोच, बूट तेच असतील तर प्रत्येक दणका हाडाच्या जवळपास त्याच जागी बसतो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूनं पळणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. ट्रॅकवर नेहमी डावीकडेच वळायचं, म्हणून दोन्ही पायांवरचा ताण सारखा नसतो.

हाड या ताणाला उत्तर देतं, पण त्याची रीत वेगळी आहे. ते आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि नंतर तिथे नवं हाड घालतं. खराब रस्ता नवा करताना आधी जुना थर उखडतात, तसंच. मधल्या काही आठवड्यांत तो भाग पूर्वीपेक्षा कच्चा असतो, आणि संपूर्ण काम व्हायला तीन-चार महिने लागतात. हृदय आणि फुप्फुसं मात्र काही आठवड्यांतच सुधारतात. दम वाढला म्हणून पोरगं अंतर वाढवतं, आणि हाड अजून तयार झालेलं नसतं. म्हणून हलका दिवस, मातीची वाट, चढ, मधला विश्रांतीचा दिवस हे सगळं हाडासाठीही आहे. दिशा बदला, रस्त्याची बाजू बदला, आठवड्यात एक दिवस सायकल किंवा पोहणं ठेवा. दम तयार होत राहील आणि नडगीला मोकळीक मिळेल.

नडगीच्या कडेनं वीतभर भागात पसरलेलं दुखणं बहुधा पळणं कमी केल्यावर उतरतं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीच्या आठवड्यांत अशी बारीक चीर साध्या एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा पळायला लागू नका. मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सराव वाढल्यावर पाळी चुकू लागली, तर ते सराव चांगला चालल्याचं लक्षण समजू नका. पळण्याच्या मानानं खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडंही कच्ची होतात. जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आठवडा कसा बसवायचा

कठीण दिवसांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. सोमवारी हलकं, चाळीस मिनिटं, मग ८० मीटरचे तुकडे. मंगळवारी ४०० चे तुकडे. बुधवारी हलकं किंवा सायकल, सोबत गोळाफेक. गुरुवारी चढ किंवा टेम्पो, एका आठवड्याला हे, दुसऱ्याला ते. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी हलकं पळून मग ८० मीटरचे तुकडे. रविवारी लांबचं पळणं, पन्नास मिनिटांपासून सुरू करून हळूहळू सव्वा तासापर्यंत, गप्पांच्याच वेगानं. आठशेवाल्या मुलींनाही हाच साचा चालतो. त्यांनी ४०० च्या जागी २०० आणि ३०० चे तुकडे मारावेत आणि रविवार तासाभराचा ठेवावा. शेतात किंवा कामावर दिवसभर राबणाऱ्यांनी कठीण दिवस दोनवरून एकावर आणला तरी चालेल. राबणं हाही ताणच आहे, शरीर त्याचा हिशोब ठेवतं.

बदल म्हणजे रोज नवीन काहीतरी, असा अर्थ मात्र घेऊ नका. रील बघून आज दोरीच्या उड्या, उद्या वाळूत पळणं, परवा पायाला वजनं बांधून सोळाशे, यातून शरीराला कशाचाच पुरेसा डोस मिळत नाही. आठवड्यातले दिवस एकमेकांपासून वेगळे असावेत, पण तोच साचा चार-पाच आठवडे टिकावा. दर चौथ्या आठवड्याला अंतर एक-तृतीयांशानं कमी करा. चाचणीची तारीख आली की शेवटच्या दहा दिवसांत पळणं निम्म्यावर आणा, त्यातले थोडे वेगाचे तुकडे तेवढे ठेवा.

आणि पूर्ण सोळाशे? तो महिन्यातून एकदाच मारायचा, ताज्या पायांनी, आणि प्रत्येक राउंडची वेळ मित्राकडून लिहून घ्यायची. नुसत्या एकूण वेळेपेक्षा या चार आकड्यांतून जास्त कळतं. पहिली राउंड ७० ची आणि पुढच्या तीन ८५ च्या पुढे गेल्या असतील, तर वेगाचा अंदाज चुकतोय. तो अंदाज मंगळवारचे तुकडे शिकवतात. पहिल्या दोन नीट येऊन तिसरी घसरत असेल, आणि बहुतेकांची तिसरीच घसरते, तर लांब पळण्याचा पाया कमी आहे. पुढचा महिना रविवार दहा मिनिटांनी वाढवा आणि टेम्पो चुकवू नका. चारही सारख्या आल्या पण शेवटच्या दोनशे मीटरला पाय उचललेच गेले नाहीत, तर चढ आणि ८० मीटरचे तुकडे वाढवा.